गळ्याची शपथ

अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या त्या बेकरीत एका परक्या माणसानं सुलेखाच्या नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. शनिवारची सकाळ होती, ऑगस्ट संपत आला होता, आणि ती काउंटरपाशी पावाच्या पिशवीची वाट बघत उभी होती. माणूस धिप्पाड, भट्टीवरून थेट आलेला, एप्रनभर पीठ, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मार्तियो," तो म्हणत होता, "मार्तियो, मार्तियो." मार्तियो म्हणजे हातोडा. तिचा नवरा, नाहूम, हसत होता. ते हसणं सुलेखाच्या ओळखीचं होतं. समोरचा कोण आहे याचा पत्ता नसला की हल्ली तो असाच गुळमुळीत हसायचा. पण तिला धक्का बसला तो त्या मुक्याचा. त्या कपाळावर, केसांच्या थोडं खाली, कातडी जाड झालेली एक आडवी जागा होती. बाम चोळताना तिची बोटं तिथं थांबायची, आणि ती जागा आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. इथं एक पाववाला चार गिऱ्हाइकांदेखत तिथं ओठ टेकवून मोकळा झाला. मग रांगेतली एक म्हातारी पुढं आली, तिनं त्याच जागेला बोटं लावली आणि स्वतःच्या छातीवर क्रूस काढला. आपण या माणसाच्या आयुष्यात भाड्यानं राहतोय, असं सुलेखाला एकदम वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचा तिला रागही आला.

बेकरीवाल्याचं नाव चेपे. तो बोलायला लागला तेव्हा क्लिनिकमध्ये पेशंटांशी बोलून बोलून शिकलेलं सुलेखाचं स्पॅनिश मागंच पडलं. तरी कळायचं ते कळलं. पंधरा सप्टेंबरला मध्य अमेरिकेतल्या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन एकदमच येतो. त्याला लागून येणाऱ्या रविवारी ट्रेंटनमधले होंडुरासचे, ग्वातेमालाचे, साल्वादोरचे लोक मिळून एका हायस्कूलचं मैदान घेणार होते, जुन्या फुटबॉल खेळाडूंची मॅच ठेवणार होते. ह्यूस्टनहून मिल्टन येणार होता. मिल्टन! ज्यानं बाजूनं उंच दिलेल्या क्रॉसवर नाहूमनं डोक्यानं तो गोल केला तो मिल्टन! "शेवटची दहा मिनिटं फक्त," चेपे तिच्याकडे वळून म्हणाला. परवानगी कुणाकडून घ्यायची असते हे त्याला लगेच कळलं होतं. "सेन्योरा, दहा मिनिटं. लोकांना एकदा बघू द्या. एकच हेडर. मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो हो. पुढच्याच आठवड्यात घर सोडून इकडे निघालो, आणि वाटेत दुसरं काहीच नव्हतं जवळ, तेवढा तो गोल होता." सुलेखा "बघू" म्हणाली. तिच्या माहेरी बघू म्हणजे नाही असायचं. चेपेला ते कसं कळणार. त्यानं तिचे दोन्ही हात हातांत घेतले आणि तेही पिठानं भरले.

गाडी रूट वनला लागली तसा नाहूम खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "तो कोण होता?"

"चेपे. बेकरीवाला."

"चांगला माणूस आहे."

"हो."

थोडं अंतर गेलं. मग तो म्हणाला, "मिल्टनला म्हणावं बूट घेऊन ये. तो नेहमी विसरतो."

सुलेखाच्या हातांना घाम फुटला. माणूस विसरला, मुका विसरला, आणि मॅच तेवढी बरोबर लक्षात राहिली. गेल्या हिवाळ्यात फिलाडेल्फियाच्या न्यूरॉलॉजिस्टबाईंनी त्याच्या मेंदूचे फोटो पडद्यावर लावले होते तेव्हा ती अशीच हात घामेजून बसली होती. बाई शांत, हलक्या आवाजाच्या. पन्नाशीच्या आतल्या माणसात आम्हाला मेंदू असा झिजलेला सहसा दिसत नाही, त्या म्हणाल्या. खात्रीनं कुणीच सांगणार नाही, पण वर्षानुवर्षं डोक्यानं बॉल मारणाऱ्यांबद्दल आता असं बोललं जायला लागलंय. यापुढं डोक्याला एकही धक्का नको. सुलेखा स्वतः फिजिओथेरपिस्ट, तिला सगळे शब्द कळत होते, विचारण्यासारखंही पुष्कळ होतं. तरी तिनं एकच विचारलं, तो मला ओळखेल ना? "पुष्कळ दिवस," डॉक्टर म्हणाल्या, "जपलंत तर." ते 'जपलंत तर' घेऊन ती वेस्ट विंडसरच्या घरी आली आणि कामाला लागली. सिंकवरच्या कपाटाचं दार त्याला लागायचं, ते तिनं बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. गॅरेजमधली शिडी देऊन टाकली. जिन्याच्या वरची तिरकी तुळई फोमनं गुंडाळली. घरात रांगतं मूल असल्यासारखी ती कोपरे बघत हिंडायची. किल्ल्या विसरू देत, गॅस विसरू देत, आपण कुठल्या देशात आहोत हे विसरला तरी चालेल, अमेरिकेत अर्ध्या लोकांना ते ठाऊक नसतंच. फक्त सकाळी डोळे उघडल्यावर शेजारी कोण आहे ते कळू दे. स्वार्थ म्हणा. तिनं स्वतःशी तसं म्हणूनच टाकलं होतं.

आणि त्याच्यापाशी डोकं सोडून होतं काय? तो स्वतःच सांगायचा. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यावर, केळ्यांच्या कंपनीनं वसवलेल्या गावात, पायात काही नसलेली पोरं फुटबॉल खेळायची. इतर पोरांचे पाय चलाख होते, त्याचे नव्हते. गावातला एक रिटायर झालेला रेल्वेचा गार्ड त्यांना शिकवायचा. त्यानं या पोराचे पाय बघितले, मान हलवली, आणि आंब्याच्या फांदीला दोरीनं एक बॉल टांगला. पळत ये आणि मार. जमायला लागलं की गार्ड दोरी थोडी वर घ्यायचा. पुन्हा जमलं की पुन्हा वर. बॉल कातड्याचा, पाणी पिऊन जड झालेला, त्याच्या शिवणीचे वळ कपाळावर उठायचे, आणि आई रात्री त्यावर खोबरेल लावायची. सगळे लोक बॉल डोक्यावर आला की डोळे मिटतात, नाहूम सांगायचा, तो शरीराचा धर्मच आहे. गार्डानं त्याला एवढी एकच गोष्ट शिकवली, की मिटायचे नाहीत. बॉल कपाळाला लागतो त्या क्षणी बॉलकडे बघत असायचं. मग तो गाव सोडून राजधानीच्या क्लबात गेला, देशाच्या टीममध्ये गेला, आणि पंचविशीत असताना एका पात्रता फेरीच्या मॅचमध्ये, चिखलानं जड झालेल्या मैदानावर, मिल्टनच्या क्रॉसवर गोलकीपरच्या पसरलेल्या हातमोज्यांच्याही वर गेला. वर गेल्यावर काय होतं, सुलेखानं एकदा विचारलं होतं. "शांत असतं," तो म्हणाला. "खाली सगळे ओरडत असतात. वर काहीच नसतं. तू आणि बॉल. बॉलवरची अक्षरं वाचता येतात." त्यानंतर मेक्सिकोत दोन मोसम झाले, मग गुडघा गेला, आणि मग अमेरिकेतली ती इनडोअर लीग आली. आइस हॉकीच्या बर्फावर गालिचा टाकून हॉलमध्ये फुटबॉल. छत खाली आलेलं, बॉल भिंतींवर आपटून परत येतो, क्रॉस कुणी देतच नाही. हातोडा होता, पण खिळाच नव्हता. लीग बुडाली, टीम बुडाली, तो ट्रेंटनला एका गाववाल्याकडे आला, घरं रंगवायला लागला आणि रविवारी मळक्या मैदानांवर पोटं सुटलेल्या लोकांबरोबर खेळत राहिला. तिथंही लोक बॉल वरूनच द्यायचे. दर रविवारी, वर्षानुवर्षं. हौसेनं, प्रेमानं द्यायचे. प्रेमानं माणूस किती मारता येतो, सुलेखाच्या मनात यायचं, आणि त्यांतल्या एकाचाही तिला धड राग करता यायचा नाही.

ती त्याला भेटली दोन हजार एकच्या शरद ऋतूत, क्लिनिकच्या टेबलावर. मनोहरशी घटस्फोट होऊन वर्ष झालं होतं, लेक नैना ॲन आर्बरला कॉलेजात होती, आणि घरातली शांतता अंगावर यायला लागली होती. नाहूमचा गुडघा दगडासारखा होता. ती वाकवायची, तो दुखलं की ओरडायच्या ऐवजी गायचा. बेसूर. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे हसायचे. गुडघा बरा झाला तरी तो यायचा थांबेना. त्याच्या अंगाला रंगाचा, टर्पेंटाइनचा वास यायचा आणि तिला तो आवडायला लागलाय हे कळलं तेव्हा ती पंचेचाळिशीची बाई गाडीत एकटी बसून मोठ्यानं हसली होती. लग्नानंतर मराठी मंडळात कुजबुज झाली, होणारच होती. पण रत्नानं, जिच्या घरचा दीड दिवसाचा गणपती म्हणजे वेस्ट विंडसरच्या निम्म्या मराठी लोकांचं माहेर, तिनं पहिल्याच वर्षी त्याला आरतीला पुढं उभं केलं. "आमचे होंडुरासचे भावजी," ती सगळ्यांना सांगायची, "टाळ्या चुकीच्या वाजवतात, पण मोदक बरोबर मोजून खातात." पाच वर्षं मिळाली सुलेखाला. पुष्कळ लोकांना तेवढीही मिळत नाहीत हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानं काहीही फरक पडत नव्हता.

नैनाचा ईडन प्रेरीहून फोन आला तेव्हा सुलेखानं तिला बेकरीतलं सांगितलं. आता आपली लेक म्हणेल, छे छे, अजिबात पाठवू नकोस. लेक म्हणाली, "आई, लेट हिम प्ले."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय, ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. बट इट्स हिज लाइफ. दहा मिनिटं. त्याच्याकडे अजून काय उरलंय, आई?"

"मी उरलेय."

मग नैना हळू म्हणाली, "यू आर हिज वाइफ, आई. नॉट हिज हेल्मेट."

"तुला काय जातंय बोलायला," सुलेखा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मग ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. बागेत नाहूम बुटांना ग्रीस लावत बसला होता. बूट गॅरेजमधल्या कुठल्या खोक्यात होते हे तिलाही ठाऊक नव्हतं. त्याला सापडले होते. तो फार आनंदात होता. नाही म्हटलं तर तो ऐकेल, आणि उद्या पुन्हा बूट घेऊन बसेल, आणि उद्या पुन्हा नाही म्हणावं लागेल, आणि रोज नव्यानं त्याचा चेहरा उतरेल. हो म्हटलं तर मैदानावर बॉल वरून येईल. जायचं पण डोकं लावायचं नाही, असं त्याला बजावलं तरी ते दारापर्यंत टिकणार नाही. या माणसाच्या आत एखादी गोष्ट ठेवायची तर ती कुठं ठेवायची? कुठल्या कप्प्यात अजून तळ शाबूत आहे?

तिनं जे केलं ते ठरवून केलं नाही. ती बाहेर आली, त्याच्यासमोर गवतात बसली, त्याचा ग्रीसनं माखलेला हात उचलला आणि स्वतःच्या गळ्याला लावला. "म्हण. माझ्या गळ्याची शपथ, डोक्यानं बॉल मारणार नाही."

"हे काय आहे?"

"आमच्याकडे असंच घेतात शपथ. हात गळ्याला लावून. मोडली तर ज्याचा गळा तो मरतो." हे ती हसत हसत म्हणाली. नागपूरला लहानपणी तिनं चिंचेसाठी, पेन्सिलीसाठी, कुणी कुणाला काय सांगायचं नाही त्यासाठी ढिगानं शपथा घातल्या होत्या, आणि सगळ्यांचे गळे आजही ठणठणीत होते.

नाहूमच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं. हात त्यानं काढून घेतला नाही. बोटांखाली तिची नस उडत होती, तिकडे तो बघत राहिला. "आमच्याकडे देवाची शपथ घेतात," तो म्हणाला. "देवाला काही होत नाही." मग थोड्या वेळानं, "तुमच्यात माणसाची घेतात?"

"हो."

"ही फार वाईट पद्धत आहे, सुलेका." तिच्या नावातला ख त्याला कधीच आला नव्हता. तरीही त्यानं शपथ घेतली. मराठीतच घेतली, तिच्यामागून एक एक शब्द म्हणत, अर्थ विचारून घेत, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांत असं भय होतं की सुलेखाला क्षणभर वाटलं, जाऊ दे, चेष्टा केली म्हणावं. पण तिनं तसं म्हटलं नाही. कारण तिला दिसलं होतं की गोष्ट आत जाऊन पडली आहे, अगदी तळाशी.

दुसऱ्या दिवशी त्याला ग्रीस आठवत नव्हतं, गवतात बसलेलं आठवत नव्हतं. सकाळी मात्र तो उठल्याबरोबर तिच्याकडे वळला आणि दोन बोटं तिच्या गळ्याला लावून थांबला. "काय रे?" ती म्हणाली. "माहीत नाही," तो म्हणाला. त्यानंतर रोज. कधी भांडी घासत असताना मागून यायचा, कधी गाडी सिग्नलला उभी असताना, बोटं लावायचा, नस सापडली की सुटकेचा श्वास टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचा. पहिल्यांदा तिला भरून आलं. मग भीती वाटली. मग, खरं सांगायचं तर, तिला त्याची चटक लागली. जगात आपण जिवंत आहोत की नाही हे रोज तपासणारं कुणीतरी आहे, हे सुख तिला मनोहरच्या घरात वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

त्या वर्षी, दोन हजार सातला, गणपती पंधरा सप्टेंबरलाच आले. शनिवारी रत्नाकडे जेवणं झाली आणि निघताना रत्ना दारात आडवी आली. "उद्या विसर्जनाला येणार नाही म्हणजे काय? फुटबॉल? बाप्पाला बादलीत बुडवायचं सोडून तू मॅच बघणार, सुलेखा?"

"त्याची आहे गं मॅच."

"भावजी खेळणार?" रत्नाचा चेहरा बदलला. तिनं सुलेखाचा दंड धरला. "अगं, पण त्यांना तर..."

"नुसता पळणार आहे थोडा. डोकं लावणार नाही. प्रॉमिस घेतलंय मी."

"त्यांच्या लक्षात राहील?"

"हे राहील," सुलेखा म्हणाली. आपल्या आवाजातला गर्व तिला स्वतःलाच ऐकू आला.

रविवारी हायस्कूलच्या मैदानाभोवती निळेपांढरे झेंडे होते, मक्याच्या भाकऱ्या तव्यावर थापल्या जात होत्या, तळणीचा धूर सगळ्या कपड्यांना बसत होता. सुलेखा स्टँडमध्ये वरच्या बाजूला बसली. आजूबाजूचे लोक तिला जागा करून देत होते, मार्तियोची बायको म्हणून बाटलीतलं थंडगार पाणी आणून देत होते, आणि एकमेकांना तो गोल सांगत होते. प्रत्येकाचा गोल वेगळा होता. एकाच्या म्हणण्यात नाहूम चिखलातून उठला होता, दुसऱ्याच्या म्हणण्यात तो आधीपासूनच हवेत होता. जे तेव्हा जन्मलेही नव्हते तेसुद्धा सांगत होते. इतक्या लोकांच्या डोक्यांत तो गोल असा धडधाकट, ताजा, आणि ज्याच्या डोक्यानं तो झाला तिथं त्याचा आता मागमूसही नसेल, या विचारानं तिला त्या सगळ्यांचा हेवा वाटला. त्यांनी त्याचं सगळं वाटून घेतलं होतं. तिच्या वाट्याला गळ्यावरची दोन बोटं आली होती, आणि ती तिला पुरेशी होती, खरंच पुरेशी होती, तेवढी राहू देत.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा त्याला आत घेतलं. मैदान उठून उभं राहिलं. तो पळायला लागला आणि सुलेखानं ओठ चावला. गुडघा दुखत होता, ते तिला एवढ्या लांबूनही दिसत होतं. पण पाठ वेगळी होती. घरात जिन्यावर चाचपडणारी पाठ ती नव्हती. कुठं उभं राहायचं, कुठून वळायचं, हे कुणी न सांगता त्या पाठीला कळत होतं, आणि त्याच्या अंगावर असलेला विरोधी टीमचा माणूस मुद्दामच एक पाऊल मागं राहत होता. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. मिल्टन टक्कल पडलेला, ढेरी सांभाळत उजव्या बाजूनं निघाला. त्यानं मान वर करून एकदा बघितलं. लोक गप्प झाले. आणि मिल्टनच्या पायातून बॉल निघाला. सुलेखाला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, तरी तो बॉल चांगला आहे हे तिला कळलं. तो घाईत नव्हता. उन्हात वळत, सावकाश, अगदी त्याच्यासाठी येत होता, एखाद्याला त्याची वस्तू परत करायला यावं तसा. त्या क्षणी सुलेखा उभी राहिली आणि तिला सगळ्या अंगानं, पोटातून, हवं झालं की त्यानं उडी मारावी. एकदा. वर जावं, जिथं शांत असतं तिथं जावं, अक्षरं वाचावीत. लहानपणी शपथ घातली की ती सोडवायचीही सोय असायची. 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मैत्रिणी मागं लागायच्या आणि एकदा सुटली म्हटलं की सगळे मोकळे. नाहूमला तिनं शपथ घालायची तेवढी शिकवली होती. ती सुटते हे सांगितलंच नव्हतं. तो शब्द तिच्या तोंडात आला. हाक मारली असती तर त्या शांततेत ती खाली ऐकू गेली असती. आणि तिला सकाळ दिसली, उशीवर वळणारं त्याचं तोंड, ओळखीचे डोळे. जपलंत तर. तिनं तोंड मिटलं.

नाहूमचे गुडघे वाकले. दोन्ही हात मागं गेले. मग उजवा हात सुटा झाला आणि त्यानं स्वतःचा गळा धरला. पाय जमिनीवरून उठले नाहीत. चेहरा वर करून, डोळे सताड उघडे ठेवून, तो बॉल आपल्या डोक्यावरून जाताना बघत राहिला. बॉल पलीकडे पडला, दोन टप्पे खाऊन रेषेबाहेर गेला, आणि झेंड्याच्या काठीला लागून थांबला.

कुणीतरी हसलं. ते हसणं एकट्याचंच होतं म्हणून जास्त लांबपर्यंत गेलं. मग टाळ्या वाजल्या, लहान मुलाला वाजवतात तशा. सुलेखाच्या शेजारचा म्हातारा टोपी काढून ती हातात फिरवत म्हणाला, "घाबरला बिचारा." तिला त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवून सांगावंसं वाटलं, घाबरला नाही हो, तो आयुष्यात या बॉलला कधी घाबरला नाही. खाली मिल्टननं नाहूमला मिठी मारली होती, चेपेच्या मुलीनं हार घातला होता, चेपे डोळे पुसत होता आणि त्याला पुसूनही पुरत नव्हतं. आणि नाहूम त्या सगळ्यांच्या खांद्यांवरून स्टँडकडे बघत होता, एकेक ओळ, पुन्हा पहिल्यापासून एकेक ओळ. सुलेखानं हात हलवला. दोन्ही हात हलवले. त्याची नजर तिच्यावरून पुढं गेली.

गर्दीतून खाली उतरायला तिला वेळ लागला. चेपेनं त्याला आणून गाडीत बसवलं होतं. हार मांडीवर, हातांवर वाळलेला घाम, बूट तसेच पायात. ती शेजारी येऊन बसली, पट्टा लावला, किल्ली लावली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि थोडं सरकून, सभ्यपणानं, स्पॅनिशमध्ये म्हणाला, "सेन्योरा, तुम्हीच सोडणार का आम्हाला?"

सुलेखाचा हात किल्लीवरच राहिला. बाहेर लोक खुर्च्या मिटून ट्रंकमध्ये टाकत होते. कुणाच्या तरी गाडीतून गाणं सुरू झालं. "हो," ती म्हणाली.

"मग जरा थांबाल? माझी बायको यायचीय."

"थांबते."

"ती वर बसली होती." तो बोटांनी हारातली फुलं चाचपत होता. "सगळे ओरडत होते, मार, मार. मिल्टननं फार सुंदर दिला हो. असा त्यानं तेव्हाही दिला नव्हता. मी नाही मारला." त्याचा श्वास भरभर व्हायला लागला. "मारला असता तर ती मेली असती. लोकांना ते ठाऊक नाही. पण माझे गुडघे वाकले होते, थोडे वाकले होते. तेवढ्यानं काही होत नसेल ना? मी वर बघितलं तर मला ती दिसली नाही. सेन्योरा, तुम्ही जरा जाऊन बघून येता का, ती जिवंत आहे ना?"

त्याच्या कपाळावर घामात चिकटलेली झेंडूची एक पाकळी होती, ती काढावी म्हणून तिनं हात पुढं केला. परक्या बाईचा हात जवळ आला म्हणून तो अवघडून मागं झाला. "येते बघून," ती म्हणाली आणि गाडीतून उतरली. पार्किंग ओलांडून, तव्यांपाशी आवराआवर करणाऱ्या बायकांच्या मधून ती पुन्हा स्टँडच्या पायऱ्या चढली आणि आपल्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. बाकावर कुणाची तरी कागदी प्लेट होती. खाली दोन माणसं गोलची जाळी सोडत होती. तिथं सुलेखा रडली, कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता, तोंडात पदर नव्हता म्हणून हाताची मूठ घालून रडली. नुसतं ओळखू दे, एवढंच मागितलं होतं तिनं. एवढ्यासाठी तिनं तो बॉल त्याच्या डोक्यावरून जाऊ दिला होता. मग तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि खाली उतरली.

काच खाली करून तो वाटच बघत होता. "आहे?"

"आहे."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलं. बरी आहे ती."

त्यानं डोळे मिटले. मोठा श्वास सोडला आणि सीटला मान टेकली. "मग हसू देत लोकांना," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं मांडीवरचा हार उचलून मागच्या सीटवर नीट पसरून ठेवला आणि तिला समजावल्यासारखं म्हणाला, "तिला उशीरच होतो नेहमी. सगळ्यांचा निरोप घेत बसते. तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही," सुलेखा म्हणाली. तिनं किल्ली काढून घेतली. मैदान रिकामं होत गेलं, गाड्या एकेक करून निघून गेल्या, आणि ती दोघं तिथं बसून तिची वाट बघत राहिली.